बुक्का लावताना घ्यायचं नाव

रामनवमीला दुपारी बाराला रामजन्म, आणि सकाळी आठ वाजता देवासच्या राममंदिरात तबलजी नव्हता. दोष कुणाचा, हे कीर्तनाची व्यवस्था बघणाऱ्या उमाशंकरपंतांना पक्कं ठाऊक होतं. निदान तसं त्यांना वाटत होतं.

झालं होतं असं. चैत्रातल्या नऊ दिवसांच्या कीर्तनाला यंदा धारहून मधुवंतीबाई आल्या होत्या. बाईंचा गळा असा, की पहिलं नमन लागलं की पंतांचे डोळे आपोआप मिटत. अष्टमीच्या संध्याकाळी आख्यान रंगात आलेलं असताना बाई म्हणाल्या, "आपण मराठी म्हणजे इकडची घाटी माणसं! वनवासाला निघालो तरी आधी डब्यात मेतकूट भरलं का ते बघू." सभामंडप हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्यानं हसले पंत.

आरती झाली. उद्या पाळणा बाराला पाच कमी असताना हलवायचा की बाराला, यावर पंत आणि झांजवाले मानसिंगराव हुज्जत घालत बसले. तबला पुसता पुसता तरुण राठौर हसून म्हणाला, "अरे भिया, ये घाटी लोग तो रामजी को भी टाइम-टेबल से पैदा करेंगे!"

कुणी हसलं नाही. मानसिंगरावांनी खिरापतीची वाटी खाली ठेवली.

"तरुण," पंत म्हणाले, "तो शब्द तुझ्या तोंडी नको."

"बाई बोले तब तो सबसे जोर से आप हँसे थे, काका."

"आमचं आम्ही बोलतो. तुझी गोष्ट वेगळी."

तरुणनं तबला-डग्गा पिशवीत घातला, रामाला हात जोडले आणि जाताना एवढंच म्हणाला, "फिर कल घर का ही तबलजी बिठा लेना."

बारा वर्षं साथ केलेला माणूस! पंतांनी सकाळपासून चौघांना फोन केले. इंदूरचे दोघे दुसरीकडे ठरलेले, एक आजारी, चौथा फोनच उचलेना. मानसिंगरावांना फक्त झांज येत होती, तीही स्वतःच्या मर्जीच्या लयीत.

"बाई तबल्याशिवाय उभ्या राहतील, पण पद उठायचं नाही," पंत चहाचा कप न उचलताच म्हणाले. "एका शब्दासाठी एवढा राग!"

ताई, त्यांच्या थोरल्या भगिनी, देवासाठी तुळस निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उम्या, तू त्याला हाक काय मारतोस रे?"

"तरुण."

"देवळात बसून खोटं बोलू नये. 'काय रे रांगड्या, ये, बैस.' रोज ऐकते मी."

"ते प्रेमानं, ताई! माळव्यातल्या माणसाला आपले आजोबाही तसंच म्हणत."

"आजोबा त्यांच्या पाठीमागे म्हणत. तू तोंडावर म्हणतोस, त्याच्या लेकीसमोरसुद्धा."

तरुणच्या लेकीचा वाढदिवस पंतांना आठवला. दारातूनच त्यांनी हाक दिली होती, "रांगड्या, केक कुठाय?" पोरीनं बापाकडे पाहिलं होतं. बाप हसला होता, पण जरा उशिरानं.

पंतांनी स्कूटर काढली.

दार तरुणच्या बायकोनं, नीतूनं उघडलं. "आओ काका. वो सुबह से मुँह फुलाके बैठे हैं, और उँगलियाँ टेबल पे चल रही हैं," ती म्हणाली आणि हसू लपवत आत गेली.

तरुण उठून उभा राहिला. पंत बसलेच नाहीत. "मी तुला रांगडा म्हणतो, ते तुला लागतं?"

"शुरू में बहुत लगता था. फिर आप प्रसाद पहले मेरे ही हाथ पे रखते, तो सोचा, काका का मुँह तीखा है, हाथ मीठा."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलता तो आप लोग बुलाना बंद कर देते. कीर्तन छूट जाता, काका."

कीर्तनासाठी पंतांनी ऊन सोसलं होतं, उपास सोसले होते. हे असं काही त्यांना कधी सोसावं लागलं नव्हतं.

"आप अपने को जो बोलना है बोलो," तरुण म्हणाला. "मैं बोला, वो मेरी गलती. पर तुमचा शब्द कोण बोलणार ते तुम्ही ठरवणार, और मेरा वाला भी तुम्हीच? दोनों चाबी आप ही की कमर में?"

"एक तुझी," पंत म्हणाले. "आजपासून. चल, साडेदहा झाले."

"पिशवी तय्यार है," आतून नीतू ओरडली. "सुबह सात से!"

पूर्वरंग संपला. इथल्या रिवाजाप्रमाणे मध्यंतरात पंतांनी बाईंना हार घातला, बुक्का लावला, मग साथीदारांकडे वळले. बुक्का लावताना प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, हा मान पंतांचा. पेटीवाल्या ईशानीचं नाव झालं. तरुणसमोर आल्यावर बारा वर्षांच्या सवयीनं जीभ वळली, "आणि तबल्यावर आपला..."

शब्द ओठाशी आला. पंत थांबले.

"तबल्यावर तरुण राठौर," ते म्हणाले. "याचं नाव बारा वर्षं मी इथं नीट घेतलं नव्हतं. रामासमोर सांगतो, चूक माझी."

तरुणनं त्यांच्या पायांना हात लावला, तबला ओढला आणि अशी खणखणीत थाप दिली की मानसिंगरावांची झांज दचकून आपोआप वाजली. मंडप हसला. बाईंनी तोच सूर धरून पद उचललं.

पाळणा बरोबर बाराला हलला. पाच मिनिटांचा वाद कुणाला आठवलाही नाही. सुंठवड्याचं ताट आलं तेव्हा पहिली चिमूट तरुणनं उचलली आणि पंतांच्या हातावर ठेवली.

"लो काका. आज हाथ मेरा."

सुंठ जरा जास्तच पडली होती. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोष त्यांनी खुशाल सुंठीवर घातला.