पहिला घास माझा

मित्रांनो, मी एका खानावळीतली म्हातारी मांजर. कोणी मला लाडाने हाक मारली की मी आधी दोन पावले मागे सरते. असे का, ते ऐका.

खानावळीच्या मागच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांच्या ढिगात माझा जन्म झाला. तरुणपणी उंदरांवर माझा चांगलाच वचक होता. आचारी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा, "आमच्याकडे पहिला मान हिचा! हिने खाल्ल्याशिवाय आम्ही घास घेत नाही." गिऱ्हाइके कौतुकाने बघत आणि मी हुरळून जाई.

पुढे माझ्या मनात पाल चुकचुकू लागली. ताजे मासे शिजत असले की मला हाकलून देत. मान मिळायचा तो फक्त कालच्या कालवणाचा! शिवाय मी खाऊ लागले की आचारी आणि त्याची बायको माझ्याकडे टक लावून बसत. मी धडधाकट आहे असे दिसले, की मगच पातेले पुन्हा शेगडीवर चढे.

एकदा त्यांच्या मुलीने विचारले, "बाबा, आधी आपणच का नाही खाऊन बघत?"

"अगं, आपण माणसं आहोत," आचारी म्हणाला. "हिला काही झालं तर दुसरी मिळेल."

तो हे इतक्या सहज बोलला की मला राग यायलाही वेळ लागला.

परवा बशीतल्या कालवणाचा वास घेऊन मी तोंड फिरवले. "नखरे वाढलेत हिचे," म्हणत त्याने माझ्या पिल्लाला पुचकारले. "ये गं राणी, आधी तू." पिल्लू शेपटी उभारून धावले. त्या वेडीला काय ठाऊक! मी झेप घेऊन बशीच उलटी केली.

"कृतघ्न मेली! एवढी वर्षं पोसली हिला!" आचाऱ्याने झाडू उगारून मला बाहेर काढले. मुलीने मात्र पातेल्यातले कालवण मागितले, तेव्हा त्याला ते वाढायचा धीर होईना. त्याने ते मोरीत ओतून दिले.

आता ते दार मला बंद आहे. मी खिडकीबाहेरच्या भिंतीवर बसते. आत्ताच पुन्हा तीच गोड हाक ऐकू आली. मी जिवाच्या आकांताने ओरडते आहे आणि आत हसून म्हणतात, "म्हातारीला पोरीचा हेवा वाटतोय."

मित्रांनो, तुम्ही आमच्याहून श्रेष्ठ असालही, मी वाद घालत नाही. पण आमच्यापुढे बशी सरकवण्याआधी त्यातला एक घास तुमच्या लेकराला द्याल का, एवढे स्वतःला विचारा. लवकर विचारा. माझ्या लेकीने बशीत तोंड घातले आहे.