निळ्या प्याल्याची कड

धानोऱ्याच्या जिनिंगच्या आवारात त्या हिवाळ्यात कापसाच्या गाड्यांना वाट मिळेना, कारण सगळी वाट माणसांनी अडवली होती. तळोद्याकडून, तापीकाठच्या गावांतून लोक नीलकंठ महाराजांचा प्याला बघायला येत होते. कुत्रं चावलेले, साप चावलेले, आणि काहीच न चावलेले पण आलोच आहोत तर पिऊन घेऊ म्हणणारे, असे सगळे एकाच रांगेत उभे असत.

महाराज मात्र देखणे. पांढरंशुभ्र धोतर, डाव्या खांद्यावर घडी घातलेला पंचा, समोर चादर पसरलेलं टेबल आणि त्यावर काचेचे पेले. प्रत्येक पेला ते पंच्यानं पुसत, उन्हाकडे धरून बघत आणि मगच त्यात निळंशार पाणी ओतत. पेल्याच्या कडेला खडीसाखरेचा पांढरा काठ असे. तो म्हणे कैलासावरचा बर्फ. कैलासाचा बर्फ धानोऱ्याच्या उन्हात वितळत कसा नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"महादेवाने जहर प्यायलं, कंठ निळा झाला," महाराज गुजराती हेल काढून सांगत. "ह्या प्याल्यात फुंकर मारा. आता फिरवा, धीरे धीरे, काठाला लागू द्या. तुमचं जहर ह्यात उतरेल, आणि महादेव त्याचं अमृत करेल."

आणि खरंच, पेला फिरवता फिरवता निळं पाणी जांभळं होई, मग गुलाबी. माणसं हात जोडत. रोज एक असे काही दिवस प्याले घ्यायचे. शेवटच्या दिवशी पाणी निळंच राहिलं, की अंगात जहर उरलं नाही असा निकाल लागे. अट एकच होती. दवाखान्यातली सुई टोचून घ्यायची नाही. सुई टोचली की नीलकंठ उठून जातो.

ह्या अटीपाशीच गावातल्या शाळेच्या प्रेमचंद गुरुजींचा जीव अडकला होता. त्यांचा थोरला भाऊ बन्सीलाल केळीच्या बागेत पाणी धरायला गेला असताना एका पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याची पोटरी फोडली. गुरुजींनी त्याच दिवशी धुळ्याला न्यायचं म्हणून गाडी जुंपली, तर आई रुक्मिणीबाई बैलांपुढे फतकल मारून बसली.

"धुळ्याले बेंबीभवती चौदा सुया टोचतस," ती म्हणाली. "शेजारना गावना माणूस सुया लिसन बी मरी गया. माले मन्हा पोरगा जित्ता पाहिजे."

"माय, तो उशिरा गेला होता."

"तू शिकेल शे, माले कबूल. पन पानीना रंग बदलस, ते तुन्हा डोयाघाई तू देखं ना?"

गुरुजींनी बघितलं होतं. रंग बदलत होता हे खरं होतं. का बदलत होता, हे त्यांना सांगता येत नव्हतं. बन्सीलाल सुयांना भीत होता, म्हणून तोही आईच्या बाजूचा झाला. बैल सुटले. गुरुजी गोठ्यात जाऊन एकटे रडले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांवर उगाच ओरडले.

बन्सीलाल रोज प्याला पिऊन येई आणि चेष्टेत सांगे, "देव काही मोठा सुग्रण नही. काठनी साखर आंबट लागस." शेवटच्या दिवशी पाणी निळंच राहिलं. आईनं ओटीवर पेढे वाटले. बन्सीलाल हसत म्हणाला, "आज मात्र साखर गोड लागनी. देव शिकना."

ते बोलणं गुरुजींच्या डोक्यात कितीतरी दिवस कुसळासारखं टोचत राहिलं. मग एक दिवस महाराजांच्या राहुटीमागून जाताना त्यांना फुलांचा ओला चोथा पडलेला दिसला. कुंपणावर चढते ती गोकर्ण. त्यांनी घरच्या कुंपणावरची मूठभर फुलं तोडून पाण्यात घातली. पाणी निळं झालं. छगनलाल शेटच्या किराणा दुकानातून पुडीभर लिंबूफूल आणलं, दिसायला साखर आणि जिभेवर आंबट. चिमूटभर टाकलं आणि पाणी गुलाबी झालं. गुरुजी त्या पेल्याकडे बघत राहिले. एवढ्याशा गोष्टीसाठी भाऊ सुईवाचून राहिला होता. पण अजून तो धडधाकट होता, केळीत राबत होता. अजून धुळ्याला नेता येईल, आईनं ऐकलं तर.

आई एकट्या गुरुजींचं ऐकणार नव्हती. जे सगळ्यांसमोर झालं तेच तिला पटायचं. म्हणून ते तिचा हात धरून भर गर्दीत जिनिंगवर गेले.

महाराज एका म्हाताऱ्याला पेला देत होते. गुरुजींनी तो मधेच घेतला, ओल्या रुमालानं त्याची कड स्वच्छ पुसली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. "आता फुंका बाबा, आणि हवा तेवढा फिरवा."

म्हातारा फिरवत राहिला. पाणी निळंच.

"मास्तरनो हाथ लाग्यो," महाराज म्हणाले. "अमृत बाटलं."

"असेल," गुरुजी म्हणाले. त्यांनी टेबलावरचा दुसरा पेला उचलला, कडेला हात न लावता, आणि स्वतः फुंकर मारून फिरवला. पाणी जांभळं झालं, मग गुलाबी. "मला तर काही चावलेलं नाही महाराज. माझ्यातून कुठलं जहर उतरलं?"

मग त्यांनी खिशातून गोकर्णीची फुलं काढली, लिंबूफुलाची पुडी काढली आणि महाराजांच्याच टेबलावर महाराजांचंच अमृत करून दाखवलं. कडेला लिंबूफूल मिसळलेली साखर, की रंग बदलतो. नुसती साखर, की बदलत नाही. जहर कधी संपलं हे महाराज ठरवत, पुडी बदलून.

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी पंचा खांद्यावरून काढला आणि टेबल पुसायला घेतलं, जुन्या सवयीनं.

"सुरतेकडे क्लबात होतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "साहेबलोकांचे प्याले बनवायचो. दारूत सरबतं मिसळायची, कडेला साखर, कुणाला मीठ. पेल्याची कड लिंबाने ओली करून साखरेत टेकवायची, एक कणसुद्धा आत पडायचा नाही. दारूबंदी आली, क्लबच्या कपाटाला कुलूप लागलं. ह्या हातांना दुसरं काही येत नाही, मास्तर."

"आणि सुई घेऊ नका, हे कशाला सांगितलं?"

महाराज टेबल पुसतच राहिले. सुई घेतलेला माणूस बरा झाला तर नाव सुईचं होतं, एवढंच ते उत्तर होतं, आणि ते सगळ्यांना कळलं.

रुक्मिणीबाईनं गुलाबी पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. तिचं तोंड आंबट झालं. "प्रेम," ती म्हणाली, "गाडी जुंप. बन्सीले आत्ते लई जाऊ."

गुरुजी जिंकले होते. घराकडे ते जवळजवळ पळतच आले.

बन्सीलाल ओट्यावर बसला होता. दोन दिवस पोटरीला मुंग्या येताहेत, म्हणाला, आणि घसा धरल्यासारखा वाटतोय. आईनं घाईघाईनं लोटाभर पाणी आणून त्याच्यासमोर धरलं. पाणी बघताच त्याचा गळा आवळला, मान मागं गेली, हाताच्या झटक्यानं लोटा उडाला. ओट्यावर सांडलेल्या पाण्यापासून तो भिंतीला चिकटून सरकू लागला.

गुरुजींना ते काय आहे ते माहीत होतं. तरी त्यांनी गाडी हाकली. वाटभर आई विचारत होती, "आते सुई दिनी तर वाची ना?" गुरुजी बैलांकडे बघत राहिले. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की सुई दुखणं सुरू होण्याआधीची असते, नंतरची नसते. तहानेनं तळमळत, पाण्याला भीत बन्सीलाल गेला. गुरुजींनी रंगाचं कोडं सोडवलं होतं, पण भाऊ काही त्यांच्या हाती लागला नाही.

महाराज कधी निघून गेले, कुणाला कळलं नाही. सुतक संपलं तशी एका सकाळी शिवारापलीकडची दगूबाई नातीला घेऊन दारात उभी राहिली. पोरीच्या हाताला फडकं बांधलेलं होतं, रक्त अजून ओलं होतं.

"गुरुजी, महाराज तर गया. पन लोक सांगतस, तुमले बी ते येस. मन्ही नातले कुत्रं चावनं. एक प्याला द्या."

एवढं सगळं उलगडून दाखवलं, त्यातून लोकांनी एवढंच घेतलं होतं की महाराजांची विद्या मास्तरांना आली. गुरुजींनी पोरीचं फडकं सोडलं, साबण लावून जखमेवर पाणी ओतत राहिले, आणि तेवढा वेळ त्यांना मान वर करता आली नाही.

आतून रुक्मिणीबाई आली. ज्या बैलांपुढे ती बसली होती त्यांना तिनंच गोठ्यातून सोडून आणलं.

"प्याला मन्हा बन्सीनी पिना," ती दगूबाईला म्हणाली. "रंग बी बदलना, गोड बी लागना, आनि मन्हा पोरगा गया. रंग कसाघाई बदलस ते मंग इचार. आधी पोरले दवाखानामा लई चाल."

तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि गाडीत पुढे बसली.

"हाक, प्रेम," ती म्हणाली.