तोंड मिटून एकवीस दिवस

मी एक पिवळी मासोळी. बोटभर लांब, पाठीवरच्या पराला काळी किनार. आज बोलतेय, कारण आज माझं तोंड रिकामं आहे.

दुकानदार आम्हाला सिक्लिड म्हणतो. आमच्यात आई अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. ती तिथेच फुटतात, पिल्लं तिथेच वाढतात. तीन आठवडे. तेवढे दिवस आईचं खाणं बंद, कारण घास गिळला तर लेकरंही पोटात जायची. मीही दुकानातल्या टाकीत, माझ्या आईच्या तोंडात अशीच वाढले. मग रबर बांधलेल्या पाण्याच्या पिशवीत बसून या घरी आले.

घर दातांच्या डॉक्टरांचं. पुढच्या खोलीत त्यांची खुर्ची आणि तिच्यावर वाकलेला दिवा. मागच्या खोलीत जेवणाचं टेबल, त्याला लागून आमची टाकी. मधलं दार उघडंच असतं. माणसं मोठी गमतीची. बाहेर बाकावर बसून अखंड बोलतात आणि खुर्चीत बसली की ओठ घट्ट मिटतात. डॉक्टर आरशाच्या दांड्याने एकेका दातावर टकटक करतात. "इथे दुखतं? मग इथे?"

पहिल्यांदा माझं तोंड भरलं, ते आधी डॉक्टरीणबाईंना दिसलं. घरात कोणी उपाशी राहिलेलं त्यांना खपत नाही.

"अहो, पिवळी चार दिवस जेवली नाही."

डॉक्टर चष्मा सारून वाकले. "गाल सुजलाय की हिचा. दाढ असणार."

"माशाला दाढ असते?"

"सूज आहे म्हणजे कारण आहे." आणि त्यांनी हातातल्या दांड्याने काचेवर टकटक केली.

बाहेर तो आवाज लहानसा असेल. आत मात्र सगळं पाणी अंगावर आदळतं. मग जाळी आली. मी पळाले, कोपऱ्यात सापडले. ओल्या बोटांत धरून, पाण्यातच, त्यांनी माझा जबडा अलगद उघडला. हात खरंच हलका होता. पण माझी सगळी अंडी खाली सांडली आणि टाकीतल्या बाकीच्यांनी ती बघता बघता मटकावली.

डॉक्टर ओला हात तसाच धरून उभे राहिले.

"अगं, ही आई होती," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणाचं मिटलेलं तोंड बघवतच नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून ते त्यांना जास्त लागलं असावं. त्यानंतर तो दांडा काचेला कधी लागला नाही.

मीही त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. पुन्हा तोंड भरलं तर काही होवो, जबडा सोडायचा नाही.

दोन महिन्यांनी वेळ आली. आता घरात सगळ्यांना कळत होतं. डॉक्टरांनी खिडकीशी एक छोटी टाकी मांडली आणि तिच्यात आमचंच पाणी भरलं. मोठ्या टाकीत पिल्लं बाहेर आली असती तर एकही उरलं नसतं. बाई इतरांना खाणं टाकायच्या तेव्हा दाणे माझ्या नाकासमोरून खाली जायचे. भूक लागत नाही असं समजू नका. मी भिंतीकडे तोंड करायचे.

"घे गं घासभर," बाई म्हणायच्या आणि लगेच स्वतःलाच दटावायच्या, "नको, नको. घेऊ नकोस."

चौदाव्या दिवशी मला हलवायचं ठरलं. डॉक्टरांनी जाळी आणली नाही. काचेचं एक मोठं वाडगं पाण्यात बुडवलं आणि हात न हलवता थांबले.

"अहो, बाहेर आजोबा आ करून बसलेत."

"बसू दे. सुई दिलीय, बधिर व्हायला वेळ लागतो."

"आणि तुमचा खांदा बधिर होईल त्याचं काय?"

तोच हात होता. मी त्याला ओळखत होते. पळायची जागाही होती. पण इथे राहिले तर काय होणार, तेही मी पाहिलं होतं. मी स्वतःहून वाडग्यात शिरले.

उचलताना वाडगं टाकीच्या काठाला लागलं. टक्. माझा जबडा हलला आणि एक पिल्लू बाहेर निसटलं. मी वळले, त्याला परत ओढून घेतलं आणि तोंड मिटलं. डॉक्टरांनी श्वास सोडलेला मला पाण्यातूनही कळला.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी आपणहून आ केला. सतरा पिल्लं बाहेर आली, तिळाएवढ्या डोळ्यांची. डॉक्टर खाणं दोन बोटांत चुरून पिठासारखं टाकत. घाण ओढायच्या नळीच्या तोंडाला बाईंनी कापड बांधलं, पिल्लू ओढलं जाऊ नये म्हणून. नळी आत आली की सगळी माझ्याकडे धावत आणि मी आ करून त्यांना आत घेई. पाचव्या दिवशी ती मावेनात. दोन शेपट्या बाहेरच राहिल्या. तेव्हा मला समजलं, माझं काम झालं.

आता मी मोठ्या टाकीत परत आले आहे. पोट भरून खाते. खिडकीशी सतराच्या सतरा फिरतात. ती मला ओळखत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. चिमूटभर खाण्यावर कशी तुटून पडतात, ते इथून दिसतं.

तुमच्याकडे टाकी असेल तर एवढंच करा, काचेवर टकटक करू नका. आत कुणाच्या तोंडात काय आहे, ते बाहेरून दिसत नाही.

अंड्यांसाठी आमचा नर पुन्हा वाळूत खड्डा उकरायला लागलाय. बाईंनी ते पाहिलं आणि कॅलेंडरवर आजच्या तारखेला खूण केली. मला अजून बरंच सांगायचं होतं, पण आता तोंड मिटायची वेळ झाली.