टाचेखालचा चिखल

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. वहीत रेघा मारणारी नव्हे हं! माझी उंची चार मीटर, अंगावर काळे-लाल आकडे आणि पायाला पितळी टाच. दूरवरून दुर्बिणीतून माझ्यावरचा आकडा वाचतात, तेव्हा जमीन कुठे चढते आणि कुठे उतरते ते कळते. माझे आकडे काढायला रंगारी तीन दिवस मान मोडून बसला होता. उगीच नाही मी ताठ!

मला धरणाऱ्या काकांना सगळे 'ओळंबा' म्हणत, कारण त्यांच्या हातात मी तीस वर्षांत कधी तिरकी झाले नाही. त्यांची धाकटी बहीण पार वाळवंटात दिलेली. इकडे दर पुरात लोक छपरावर जाऊन बसत आणि तिकडे ती हंडे मांडून टँकरची वाट बघे.

शेवटी ठरले, की पुराचे जास्तीचे पाणी कालव्याने तिकडे न्यायचे. उतार जेमतेम होता, किलोमीटरला चार बोटे. आम्ही नदीपासून मोजत वाळवंटापर्यंत गेलो आणि ताळा बघायला उलटे मोजत परत आलो. आकडा चक्क वीतभर चुकला.

इंजिनिअर मॅडमनी दुर्बिणीची काच तीनदा पुसली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, दुर्बीण बरोबर आहे. चूक माझी आहे," काका म्हणाले. "वाटेतल्या दलदलीत तुम्ही दुर्बीण पुढे न्यायचात ना, तेव्हा मला पट्टी आहे तिथेच धरून ठेवायची होती. पण खांदा भरून यायचा, म्हणून मी ती बाजूला टेकवायचो. परत ठेवताना टाच पुसली नाही. चिखलासकट ठेवली."

"किती ठिकाणी?"

"पाच-सहा तरी."

"काका, तुम्ही? अहो, तुम्हाला ओळंबा म्हणतात!"

"म्हणूनच सांगतोय. माझी अब्रू बघून पाणी थोडंच चढ चढणार आहे?"

माझ्या टाचेखालच्या त्या चिखलाने कालव्याचा तळ पुढे वीतभर उंच खोदला गेला असता आणि पाणी वाटेतच अडले असते. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. खोदणारी यंत्रे सोमवारी येणार होती आणि हातात चारच दिवस होते.

दलदलीचा सगळा पट्टा आम्ही पुन्हा मोजला. काकांचा खांदा सुजला, पण दर वेळी त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने माझी टाच पुसली. रविवारी संध्याकाळी आकडा नखभरही चुकला नाही. मॅडमनी आनंदाने टोपी उडवली, ती दलदलीत पडली.

दोन वर्षांनी पूर आला आणि कालव्याचे दरवाजे उघडले. काका बहिणीच्या गावी रोज कोरड्या कालव्यात मला धरून उभे राहत. आठव्या दिवशी गढूळ पाणी हळूहळू आले आणि सगळ्यांत आधी माझ्या टाचेला लागले. सांगा बरे, हा मान कुठल्या पट्टीला मिळाला आहे?

काकांनी बहिणीला चिखलाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे दादा, तुझ्या खांद्यापायी आम्ही तहानलेलेच राहिलो असतो की!"

"राहिला असता," काका म्हणाले. मग ती हसली आणि ओंजळभर पाणी घेऊन तिने माझे आकडे धुतले.

आता मोजायला नवी यंत्रे आली. मी कपाटामागे उभी असते. जळमटे काढायला तेवढी माझी आठवण होते. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण निवृत्त झालेले काका परवा सहज कचेरीत आले. त्यांनी मला बाहेर काढले आणि आधी टाच पुसली.

मित्रांनो, मला कधी उचललेत, तर ठेवण्याआधी टाच पुसा. खांदा दुखत असला तरी पुसा. आणि चुकून राहिलेच, तर काकांसारखे सांगून टाका. पार तिकडे कोणीतरी हंडे मांडून बसलेले असते.