गोळीची साप्ताहिक सुट्टी

सोनईतल्या एका मेडिकलमध्ये माझा फोटो भिंतीवर आहे आणि मी बरोबर त्याच्याखाली बसतो. फोटो फार्मसी कौन्सिलच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा आहे. शेजारी देवांचे फोटो असल्यामुळे घाईतली माणसं ओळीने सगळ्यांना हात जोडतात. मलाही. खाली बसलेल्या माझ्याकडे मात्र कुणी बघत नाही.

बारावी सायन्स, दोन वर्षं डी. फार्म., दवाखान्यातलं ट्रेनिंग, वर एक एक्झिट परीक्षा आणि मग ही नोंदणी. एवढं केलं की चिठ्ठीवरचं औषध तुमच्या नजरेखाली द्यावं, असा कायदा आहे. पण दुकान कानिफनाथअण्णांचं, आणि गिऱ्हाईक अण्णांशीच बोलतं. एकदा एका बाईने तापाने फणफणलेलं मूल माझ्या हातात दिलं आणि अण्णांना विचारलं, काय देऊ? मूल इतकं लहान होतं की मी आधी डॉक्टरांकडे न्या म्हणालो. तिने ऐकलं नाही. अण्णांनी तेच म्हटल्यावर पटलं. जाताना मूल घ्यायचं तिच्या लक्षात होतं, एवढं खरं.

घर केडगावला, खोली इथे. संध्याकाळी खोलीवर बोलायला कुणी नसतं म्हणून मी औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं वाचतो. त्यात निदान 'शंका असल्यास फार्मासिस्टला विचारा' असं लिहिलेलं असतं.

विचारायच्या फक्त कडूबाई. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या, बीपीच्या. चिठ्ठी महिन्याची, पण रोज चालत यायच्या आणि एकच गोळी मागायच्या. मी पट्टी कात्रीने कापायचो. मग ही गोळी पोटात गेल्यावर कुठं जाते, डोक्यात कशी पोचते, वाटेत चुकत नाही का, असं सगळं विचारायच्या. मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायच्या, मी पुन्हा सांगायचो. आमचं छान चाललं होतं.

एका शुक्रवारी त्या काउंटरला धरूनच उभ्या राहिल्या. चक्कर येत होती. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि काल गोळी घेतली का विचारलं.

"काल गुरवार व्हता," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तुमचं बंद आसतं ना. मंग गोळीला बी सुट्टी."

आमच्या साप्ताहिक सुट्टीत कडूबाईंचं बीपीही विश्रांती घेत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अण्णांनी त्यांना शेजारच्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळी तीच ठेवली आणि रोज घ्या म्हणाले.

आता काय करायचं ते उघड होतं. महिन्याच्या पट्ट्या एकदम द्यायच्या. त्याचबरोबर उद्यापासून माझ्याशी कोण बोलणार, हेही उघड होतं. अभ्यासक्रमात याच्यावर धडा नव्हता. मी पट्ट्या काढल्या, एकही न कापता पिशवीत घातल्या आणि सकाळच्या चहानंतर एक, गुरुवारीसुद्धा, असं समजावलं.

कडूबाई पिशवीकडे बघत राहिल्या. "म्हंजी उद्या यायचं न्हाई?"

"गरज नाही," मी म्हणालो.

त्या गेल्या. शनिवारी आल्या नाहीत, सोमवारी नाहीत. बुधवारी एक माणूस माझ्याशी बोलला. त्याला रिचार्ज मारायचा होता.

गुरुवारी मी वस्तीवर गेलो. कडूबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. मी का आलो, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गोळी घेतली का बघायला. त्यांनी पट्टी आणून दाखवली. रिकामी घरं बरोबर होती. काम संपलं होतं, तरी मी उभाच. मग त्यांनी चहा ठेवला आणि एकेका शेळीचं नाव सांगितलं, तिच्या आईच्या नावासकट.

निघताना म्हणाल्या, "फुडल्या गुरवारी बी ये बघायला. माझ्या काय ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी म्हणालो, येतो.