उंबरा न ओलांडलेली केबल

मी टीव्हीपर्यंत चित्र पोचवणारी केबल बोलतेय. काळी, साधी, पाच मीटर लांब. माझी टोकं सोनेरी नाहीत, म्हणून धारगळच्या हायवेवरल्या सगुणच्या दुकानात मी वर्षभर खिळ्याला लटकून होते. शेजारी मखमली डब्यात सोनेरी टोकांची, दीड मीटरची केबल. तिचा केवढा मान!

एके दिवशी गुरुदास आणि त्याची बायको कमलाक्षी आली. नवा टीव्ही आणि होम थिएटर घेतलेलं. माणसं केबल निवडताना नेमकं काय बघतात, याचं मला भारी कुतूहल.

"सोन्याची घे रे, तोंड आरशात दिसता तसा दिसतला," सगुण म्हणाला.

"मगे दोनय लावन दाखय!" कमलाक्षी अडून बसली.

लावल्या. चित्रात तसूभर फरक नव्हता. असणार कसा? आमच्यातून चित्राचे नुसते आकडे धावतात. नीट पोचले की झालं. सोन्याने चित्र उजळतं ही शुद्ध थाप आहे, आणि ती राजरोस विकली जाते! तरी गुरुदासने सोनेरीच नेली. आईसाठी होती ना.

दुसऱ्या दिवशी दोघं परत हजर. घरी टीव्ही आणि प्लेअरच्या मध्ये देवघराचं दार, आणि गुरुदासने माप घेतलेलं जमिनीवरून सरळ.

"देवाच्या उंबऱ्यार वायर? माका चालूचा नाय!" प्रभावतीबाईंनी, त्याच्या आईने, बजावलं होतं. चौकटीवरून वळसा घ्यायला मीच पुरणार होते.

घरी गेल्यावर खरी गोष्ट कळली. बाईंचे यजमान बाबाजी यांनी जत्रेच्या नाटकात राजा केला होता. बाई तापाने घरी. पोशाख भाड्याचे, पण बाईंनी आपला हिरवा शेला हाती लागेल त्या तांबड्या दोऱ्याने सांधून दिला होता. "तुझोच घेतलंय," बाबाजी म्हणाले होते. पण भाड्याचा शेलाही हिरवाच! दोन महिन्यांत ते गेले. चित्रण होतं, पण जुन्या टीव्हीवर नुसता हिरवा फराटा दिसायचा; शेला कुठला ते कळायचं नाही.

मला जोडलं. राजा वळला. बाई उठून पडद्यापाशी गेल्या. राजाच्या खांद्यावर वाकडेतिकडे तांबडे टाके.

"बघ गो कमळा," त्या सुनेला म्हणाल्या, "खोटा बोलाक नाय तो."

आता मी चौकटीवर धूळ खाते, पाल अंगावरून जाते. सोनेरी केबल अजून मखमली डब्यात. तुम्ही दुकानात जाल तेव्हा टोकं पाहू नका; घरातली वाट मोजून जा. माझं काय, रोज दुपारी बाई तेवढाच भाग लावतात, आणि राजा माझ्यातूनच वळतो.