न आटणारी पखाल

लक्ष्मणने तिसरा घोट घेतला तरी पखाल तेवढीच भरलेली. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा तीच कळ दाबली. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या माणसाने मान वर करून पाणी प्यायलं, कडेची निळी पट्टी गच्च भरली, पण पखालीतलं पाणी तसूभरही हललं नाही. लक्ष्मणने एकतीस वर्षं मुकुंदवाडीत पाण्याचा लाइनमन म्हणून व्हॉल्व्ह फिरवले होते. कुठल्या गल्लीला किती आटे आणि किती मिनिटं, हे तो झोपेतही सांगायचा. अशा माणसाला पाण्यात फसवायला निघालेलं कोणीतरी घरातलंच असणार, हे त्याला लगेच कळलं.

"शैला, लॅपटॉपला हात कुणी लावला?"

त्याची बायको अंगणात टिपाडं पुसत होती. आज नवव्या दिवशी नळ येणार होता. "मी लावला," ती वर न बघताच म्हणाली. "हिमानीनं फोनवर सांगितली तशी अक्षरं दाबली. आता तुमचा माणूस तहानेनं मरत नाय. बसा निवांत."

लक्ष्मणची बायपास होऊन दोन महिने झाले होते. जिना नाही, वजन नाही, कुणाशी वाद नाही. बाप घरात बसून सगळ्यांना वैतागेल म्हणून पुण्याच्या लेकीने, हिमानीने, आपला जुना लॅपटॉप आणून त्यात एक खेळ टाकून दिला होता. ओसाड मुलखात एकटा माणूस, त्याला जगवायचं. मेला की सगळं पुसलं जाणार, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. आधी लक्ष्मण हसला, मग झरे शोधायला लागला, मग जेवायला हाक मारली तरी उठेना. त्याच्या माणसाने दोनशे बारा दिवस काढले होते. आता तो एका पखालीवर उजाड माळ तुडवत होता. काल निळी पट्टी लाल झाली आणि लक्ष्मणचा हात छातीवर गेला. शैलाने ते दारातून पाहिलं. सकाळी तो आंघोळीला गेल्यावर तिने आपला इलाज करून टाकला.

लक्ष्मणने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "हिमा, हे काढायचं कसं ते सांग."

"बाबा, एकट्याचा गेम आहे तो," हिमानी म्हणाली. "समोर कुणी नाही, कुणी हरत नाही. पाणी न संपण्याचा हा कोडसुद्धा गेमवाल्यांनीच ठेवलेला असतो. तुम्ही फसवलंत कुणाला, सांगा बरं?"

"दोनशे बारा दिवस मी जगलो तिथं. दोनशे तेराव्या दिवशी कोण जगतंय? कोड?"

"मजेसाठी असतं हो ते."

"मजा कसली! मोजून प्यायलोय मी."

"मोजा!" शैला ओलं फडकं घेऊनच आत आली. "जल्मभर मोजलंच की. हिमे, तुला सांगते, सोळा सालच्या दुष्काळात तुझ्या बापानं सोताच्या गल्लीला एक मिनिट जास्त सोडलं नाय. तुझी आजी अंथरुणाला खिळलेली. मी म्हणलं, दहा मिनिटं वाढवा. तर म्हणले, पाणी काय माझ्या बापाचं हाय? लई राग आला तवा. पर टँकरपाशी बाया टोमणे मारायच्या, लाइनमनच्या घरी काय कमी, तर मी ताठ मानेनं सांगायची, चला, बघा माझी टिपाडं. ते खरं पाणी व्हतं, म्हणून ह्यांचं ऐकून घेतलं. हे तर चित्रातलं. ह्यात कुणाच्या तोंडचं काढलं?"

कोड काढून कालच्या ठिकाणी परत कसं जायचं ते लक्ष्मणने हिमानीकडून विचारून घेतलं आणि फोन बंद केला. गप्प बसला असता तर विषय तिथंच मिटला असता. आठ वर्षं त्याने मिटवलाच होता. पण बायकोचा तो अभिमान आज त्याला सोसेना.

"त्या साली काढलं व्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"तोंडचं. सात नंबरची गल्ली चढावर. तिथं पाणी चढतच नव्हतं. तिथली गोजरबाई रोज व्हॉल्व्हपाशी येऊन बसायची. बोलायची काही नाय, नुसती बसायची. मी आपल्या गल्लीची दहा मिनिटं काढून तिकडं सोडली. चार महिने."

"आपल्या गल्लीची?"

"दुसऱ्याची काढली असती तर चोरी झाली असती. वाटलं, आपलंच हाय, आपण सोसू."

"आपलं?" शैलाचा आवाज एकदम खाली आला. "गल्लीत बत्तीस घरं व्हती. आन् मी दहा मिनिटं मागितली, तवा तुम्ही आधीच दहा काढली व्हती?"

लक्ष्मणने मानेनेच हो म्हटलं.

"आन् आत्याबाई?"

आत्याबाई म्हणजे त्याची आई, आवडाबाई. त्या चार महिन्यांत शैलाने सासूचं अंग अर्ध्या तांब्यात फडकं भिजवून पुसलं होतं. म्हातारी रोज म्हणायची, शैला, एकदा डोक्यावरून पाणी घाल गं. शैला म्हणायची, नळ येऊ द्या, आत्याबाई. नळ यायचा आणि स्वयंपाकापुरतं भरलं की जायचा. शेवटी आवडाबाईच्या डोक्यावरून पाणी पडलं ते ती गेल्यावर, आणि तेही शेजारच्या तनुजाने आणून दिलेलं. हे सगळं लक्ष्मणला पाठ होतं. पण माळ्यावरच्या अडगळीसारख्या टाकून दिलेल्या त्या चार महिन्यांकडे त्याने कधी वर मान करून पाहिलं नव्हतं.

अंगणात नळ सुसकारला. शैला उठून गेली.

तो लेकीने सांगितल्याप्रमाणे खेळात कालच्या ठिकाणी परत गेला. लाल पट्टी, पखालीत दोन घोट, पुढे सगळा माळ. त्याने एक घोट घेतला. पाणी कमी झालं, तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. माणूस तसाच उभा ठेवून तो अंगणात आला.

शैलाने दोन टिपाडं भरली होती. तिसरं अजून अर्धं होतं आणि नळाची धार बारीक होत चालली होती. तिने बादली नळाखाली सरकवली. लक्ष्मणला वाटलं, आता ही बादली टिपाडात जाईल. शैलाने ती उचलून कोपऱ्यातल्या धुण्याच्या दगडापाशी नेली. धडधाकट असताना आवडाबाई याच दगडावर बसून आंघोळ करायची.

"आत्याबाई, नळ आला," शैला म्हणाली, आणि तिने ती सबंध बादली दगडावर सावकाश ओतली.

अगं पाणी, असं त्याच्या तोंडात आलं होतं. ते त्याने गिळलं. पाणी दगडावरून फरशीवर, फरशीवरून दाराबाहेर गेलं. नळ सूं करून थांबला. शैलाने रिकामी बादली पालथी ठेवली आणि ती त्याच्याकडे न बघता आत गेली.

लॅपटॉपमधून तहान लागल्याची टिकटिक ऐकू येत होती. लक्ष्मण ओल्या दगडाशेजारी बसून राहिला.